दिवा एकच असावा : छायाचित्र-मंडळांच्या अभ्यासवर्गासाठी काही सूचना

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी हौशी छायाचित्रकारांचे मंडळ स्थापन होते, दरमहा वर्गणी जमू लागते, पावसाळ्यात घाटमाथ्यावरच्या आणि थंडीत पाणथळीवरच्या सहली यथासांग पार पडतात, आणि वर्ष-दोन वर्षे लोटल्यावर एखादा सभासद असा प्रस्ताव मांडतो की, आता आपण स्टुडिओतील प्रकाशयोजनेचाही अभ्यास करावा. प्रस्ताव सर्वानुमते मंजूर होतो, आणि बहुधा तेथूनच वाट चुकते. कारण ठराव झाल्याबरोबर जी पहिली तजवीज होते ती सामानसुमानाची असते. तीन फ्लॅश, दोन सॉफ्टबॉक्स, छत्र्या, रंगीत पडदे असा सारा सरंजाम भाड्याने आणला जातो, कोणा तरुणीला मोबदला देऊन बसवले जाते, आणि पंधरा-वीस सभासद तिच्याभोवती कोंडाळे करून एकाच वेळी बटणे दाबू लागतात. संध्याकाळ सरते तेव्हा प्रत्येकापाशी चित्रांचा ढीग जमलेला असतो. परंतु दिवा हातभर डावीकडे सरकवला असता तर त्या चेहऱ्यावर काय पालट झाला असता, असा प्रश्न कोणी विचारलाच, तर त्याचे उत्तर त्या दालनात कोणापाशीही नसते.

ज्या मंडळांना हा अभ्यास मनापासून करावयाचा आहे, त्यांना माझी पहिली आणि मुख्य सूचना अशी आहे की, निदान पहिले वर्षभर दिवा एकच वापरावा, आणि बटण दाबण्यापेक्षा दिवा हलविण्यास अधिक वेळ द्यावा. ही सूचना काटकसरीपोटी केलेली नाही. आपल्याकडे छायाचित्र-मंडळांची परंपरा जुनी आहे. मुंबईतील पहिली संस्था १८५४ साली स्थापन झाली, कलकत्ता व मद्रास येथील संस्था १८५६ साली निघाल्या, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे विद्वान वैद्य त्या काळी या कलेत रमले होते. त्या पिढीच्या हाती विजेचा दिवा नव्हता. काचेच्या छपरातून किंवा रुंद खिडकीतून येणारे आकाश हाच त्यांचा दिवा, आणि पडदे ओढून-सोडून त्याचे नियमन करणे हीच त्यांची प्रकाशयोजना. तरीही त्या चित्रांतील चेहऱ्यांना जो उठाव आहे तो आजच्या पाच दिव्यांच्या चित्रांत क्वचितच आढळतो. एका दिव्याची एकच सावली पडते, आणि ती वाचता येते. दोन दिव्यांच्या सावल्या परस्परांत मिसळल्या की नवख्याला कारण आणि कार्य यांचा मेळ घालता येत नाही, आणि तेथे अभ्यास संपून अंदाज सुरू होतो.

जागेसाठी स्टुडिओ भाड्याने घेण्याचे कारण नाही. सार्वजनिक वाचनालयाचे सभागृह किंवा सुटीच्या दिवशी शाळेचा एखादा मोठा वर्ग रीतसर अर्ज केल्यास बहुधा मिळतो. छत दहा फुटांहून उंच असावे, खिडक्या काळ्या कापडाने बंद करता याव्यात, आणि भिंती भडक नसाव्यात एवढे पाहावे. सरकारी इमारतींच्या भिंतींना कमरेपर्यंत हिरवा किंवा निळा तैलरंग देण्याचा जो शिरस्ता आहे, त्याकडे मात्र कानाडोळा करू नये. त्या रंगावरून परतलेला उजेड चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूस जाऊन बसतो, आणि मग नाकाशेजारची त्वचा हिरवट का दिसते याचा उलगडा होत नाही. अशी भिंत पांढऱ्या चादरीने झाकावी. छतावरच्या ट्यूबलाइटही बंद कराव्यात. पुढे फ्लॅश वापरताना बाहेरचा उजेड खरोखर बंद झाला आहे की नाही हे पाहावयाचे असेल, तर ज्या मापांवर चित्र घ्यावयाचे त्याच मापांवर, फ्लॅश न उडवता, एक चित्र घ्यावे. ते निखळ काळे आले तर खोली अभ्यासास योग्य समजावी.

पहिल्या बैठकीला माणूस बसवू नये. माणूस अवघडतो, हलतो, कंटाळतो, आणि त्याच्या भिडेखातर आपण दिवा घाईने ठेवतो. त्याऐवजी गणपतीच्या कारखान्यातून रंग न दिलेली, फूटभर उंचीची शाडूची मूर्ती आणावी. पेणसारख्या ठिकाणी तर अशा मूर्तींना तोटा नाही, आणि अन्य गावीही श्रावणाच्या आगेमागे त्या सहज मिळतात. रंग नसल्यामुळे डोळा रंगात अडकत नाही, पृष्ठभागाला चकाकी नसल्यामुळे केवळ उजेड आणि छाया दिसतात, आणि सोंड, कान, मुकुट, पीतांबराच्या चुण्या असे लहानमोठे सर्व उंचसखल आकार एकाच ठिकाणी हाताशी येतात. मूर्ती पांढऱ्या कापडाने झाकलेल्या टेबलावर ठेवावी, साधा टेबललॅम्प लांब तारेवर घ्यावा, आणि पहिला तासभर कॅमेरे पिशवीतच राहू द्यावेत.

एका सभासदाने दिवा हातात धरून तो बघणाऱ्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आणावा. सोंड आणि पोट एकजीव होतील, मूर्ती सपाट दिसेल. आता दिवा सावकाश उजवीकडे न्यावा. प्रथम सोंडेच्या डाव्या कडेला केसाएवढी रेघ उमटेल, ती रुंदावत पोटावर उतरेल, आणि दिवा समोरच्या रेषेपासून साधारण पंचेचाळीस अंशांवर आला की पोटाची गोलाई हाताने चाचपून पाहावी इतकी स्पष्ट होईल. दिवा अगदी बाजूस, काटकोनात गेला म्हणजे अर्धी मूर्ती अंधारात जाईल, परंतु पीतांबराची बारीकसारीक चुणी उठून दिसेल. जरीचे काठ, कोरीव लाकूड किंवा शिलालेख यांची चित्रे बाजूच्या उजेडात का घ्यावीत, हे येथे व्याख्यानावाचून कळते. दिवा मागे गेला की कानांच्या कडा तेवढ्या उजळतात. याच वेळी सावलीच्या बाजूकडे निरखून पाहावे. सर्वांत गडद भाग अगदी कडेला नसतो, थोडा आत असतो, आणि कडेपाशी एक मंद उजेड रेंगाळत असतो. तो कोठून आला? टेबलावरच्या पांढऱ्या कापडावरून. कापड काढून काळे अंथरले की तो नाहीसा होतो. पुढे रिफ्लेक्टर म्हणून ज्या वस्तूचा बोलबाला होतो तिचे सारे रहस्य एवढ्यात आहे, आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या सभासदाला ती वस्तू विकत घेण्याची घाई राहत नाही.

दुसऱ्या बैठकीचा विषय अंतर हा असावा. लहान, उघड्या दिव्यापासून वस्तू दुप्पट दूर गेली की तिच्यावर पडणारा उजेड निम्मा न होता चतुर्थांश होतो, हा नियम शाळेत सर्वांनीच पाठ केलेला असतो. परंतु त्याचा छायाचित्रातील अंमल किती दूरवर पोहोचतो, हे प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज पटत नाही. एकच पांढरी भिंत घ्यावी. बसणारी व्यक्ती दिव्यापासून १ मीटरवर आणि तिच्यामागची भिंत दिव्यापासून ३ मीटरांवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या एक-नवमांश उजेड मिळतो, आणि चित्रात ती गडद करडी होते. व्यक्ती व भिंत जागच्या जागी ठेवून दिवा मागे नेला, म्हणजे व्यक्ती ३ मीटरांवर आणि भिंत ५ मीटरांवर आली, तर भिंतीला एक-तृतीयांशाहून थोडा अधिक उजेड मिळतो, आणि तीच भिंत फिकी दिसू लागते. पडदा न बदलता पार्श्वभूमी बदलण्याची ही युक्ती ज्याला साधली, त्याचा अर्धा खर्चवेच वाचला. शाळेच्या किंवा कुटुंबाच्या समूहचित्रात पुढची रांग पांढरीफटक आणि मागची काळवंडलेली का येते, याचेही कारण हेच. दिवा पहिल्या रांगेपासून १ मीटरवर आणि शेवटची रांग २ मीटरांवर असेल, तर दोन पूर्ण स्टॉपांचा, म्हणजे चौपट उजेडाचा, फरक पडतो. दिवा ४ मीटरांवर नेला आणि शेवटची रांग ५ मीटरांवर राहिली, तर तो एका स्टॉपच्याही आत येतो.

उजेड मऊ करण्याविषयी मात्र एक गैरसमज इतका पसरलेला आहे की, त्यावर थोडे थांबणे भाग आहे. दिवा दूर नेला म्हणजे उजेड सौम्य होतो, असे पुष्कळ जण मानतात. दूर नेल्याने तो क्षीण होतो, सौम्य होत नाही. सावलीची कड मऊ होणे हे, बसलेल्या माणसाच्या जागेवरून पाहता दिवा किती मोठा दिसतो, यावर अवलंबून असते. मांजरपाटाचे तीन फूट लांब-रुंद कापड पाइपच्या चौकटीवर ताणून त्यामागे दिवा ठेवावा. ही चौकट चेहऱ्यापासून दोन-तीन फुटांवर असेल तेव्हा नाकाची सावली विरघळल्यासारखी दिसेल, आणि तीच चौकट बारा फुटांवर नेली की सावलीला पुन्हा धार येईल. या तत्त्वाचा आपल्या देशातील उत्तम दाखला ‘अपराजितो’ या १९५६ सालच्या चित्रपटाचा आहे. बनारसमधील घराच्या चौकाचा देखावा स्टुडिओत उभारला होता, आणि चौकात वरून झिरपणारा, ऊन नसलेला उजेड तेथे हवा होता; तेव्हा चित्रपटाचे छायालेखक सुब्रत मित्र यांनी देखाव्याच्या माथ्यावर पांढरे कापड ताणून खालून दिव्यांचा झोत त्यावर टाकला आणि परतलेल्या उजेडात चित्रीकरण केले. साधन कापडाचेच होते. अमोल होते ते त्यांचे आकाशाकडे पाहणे.

यानंतर माणूस बसवावा, आणि तो मंडळाचाच सभासद असावा. चौघांची एकेक तुकडी करावी: एकाने बसावे, एकाने दिवा हलवावा, एकाने कॅमेरा सांभाळावा, आणि चौथ्याने वहीत आकृती काढून दिव्याची दिशा, उंची, अंतर व कॅमेऱ्यावरची मापे टिपावीत, पाव तासाने जागा बदलाव्यात. एकट्याने घरी बसून हा अभ्यास होत नाही तो याच कारणाने. स्वतःच बसणे, स्वतःच दिवा धरणे आणि स्वतःच निरखणे कोणालाही शक्य नाही. मंडळाची खरी उपयुक्तता येथे आहे. शिवाय डोळ्यांवर दिवा रोखलेला असताना पाव तास स्थिर बसण्याचा अनुभव ज्याने घेतला, तो पुढे दुसऱ्याला बसवताना हुकूम सोडत नाही.

चेहऱ्यावर दिवा ठेवताना नाकाची सावली हीच दिशादर्शक समजावी. दिवा समोर आणि उंच असला की ती नाकाखाली लहानशी, सारख्या आकाराची पडते. गालफडे रेखीव असलेल्या चेहऱ्याला हा उजेड शोभतो. दिवा बाजूस व उंच नेला की सावली तिरपी होऊन ओठाच्या कोपऱ्याकडे वळते, आणि आणखी नेला की ती गालाच्या सावलीला जाऊन मिळते व पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो. रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या नावाने हा उजेड ओळखला जातो. त्रिकोण डोळ्याहून रुंद नसावा आणि नाकाहून खाली उतरू नये, असा संकेत आहे. दोन्ही डोळ्यांत दिव्याचे प्रतिबिंब चमकते की नाही हेही प्रत्येक वेळी पाहावे; खोल डोळ्यांच्या माणसाला उंच दिवा मानवत नाही. चेहरा थोडा वळवून बसवला असेल, तर कॅमेऱ्यापासून दूर असलेल्या बाजूवर उजेड टाकल्यास चेहरा सडपातळ दिसतो, आणि जवळच्या बाजूवर टाकल्यास भरलेला.

आपल्याकडच्या पेहरावाने काही प्रश्न असे उभे राहतात की, परदेशी पुस्तकांत त्यांची उत्तरे नसतात. फेटा किंवा पगडी असेल तर तिच्या कडेची सावली कपाळ ओलांडून डोळ्यांवर येते. दिवा खाली घ्यावा, किंवा मांडीवर पांढरे पुठ्ठे ठेवून खालून थोडा उजेड परतवावा. नथ असेल तर तिच्या मोत्यांची सावली वरच्या ओठावर पडते आणि चित्रात ती डागासारखी दिसते. दिवा चार बोटे बाजूला घेतला की ती गालावर सरकून निरुपद्रवी होते, परंतु त्यासाठी ती आधी दिसली पाहिजे. चष्म्यावर दिवा चमकत असेल तर दिवा वर न्यावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित उचलून काचा खाली झुकवाव्यात.

वर्णाविषयी मला आग्रहाने सांगावयाचे आहे. सावळ्या चेहऱ्यावर उजेडाचा भडिमार करून किंवा नंतर संगणकावर रंग उजळून त्याला गोरे करण्याची जी रीत लग्नसराईच्या धंद्यात रूढ झाली आहे, तिला मंडळाने थारा देऊ नये. गोऱ्या चेहऱ्याचा आकार प्रामुख्याने सावलीने व्यक्त होतो, तर सावळ्या चेहऱ्याचा आकार त्वचेवरच्या तकाकीने. म्हणून तेथे दिवा अधिक प्रखर नको, तर मोठा, जवळचा आणि बाजूचा हवा, म्हणजे कपाळ, गालाचे हाड आणि जबडा यांवर रुंद, मंद चकाकी उमटते. कॅमेऱ्यातील मापक जे जे समोर येईल त्याला मध्यम करडे करू पाहतो, त्यामुळे चौकट सावळ्या चेहऱ्याने भरली असता तो गरजेपेक्षा अधिक उजेड घेतो. बसणाऱ्याच्या हनुवटीपाशी धरून, पडणारा उजेड मोजणारा हातातील मापक मंडळाने घ्यावा. सर्व वर्णांना तो सारखाच न्याय देतो. उजळ बाजूचे आणि सावलीच्या बाजूचे माप यांत दोन स्टॉपांचा फरक असेल तर चित्र गंभीर दिसते, एक असेल तर प्रसन्न. हा फरक कमी करण्यास थर्माकोलचा पांढरा तक्ता सावलीच्या बाजूस जवळ आणावा, वाढविण्यास त्याच जागी काळे कापड धरावे.

फ्लॅशची ओळख यानंतर करून द्यावी, आणि त्यात एकच गोष्ट मनावर ठसवावी: फ्लॅशचा लखलखाट क्षणाच्या इतक्या लहान अंशात संपतो की, शटरचा वेग त्याला कमी-अधिक करू शकत नाही, फ्लॅशचे नियमन छिद्राने आणि त्याच्या स्वतःच्या शक्तीने होते, तर खोलीतील अखंड जळणाऱ्या उजेडाचे नियमन शटरने. शटर फार जलद ठेवले, बहुतेक कॅमेऱ्यांत सेकंदाच्या दोनशेव्या किंवा अडीचशेव्या भागाच्या पलीकडे, तर शटरचा पडदा आड येऊन चित्रात काळा पट्टा उमटतो. जुने, हातोहात आलेले फ्लॅश नव्या कॅमेऱ्यावर थेट बसवू नयेत, त्यांतील काहींचा विद्युत्दाब कॅमेऱ्याचे मंडल निकामी करतो. आणि फ्लॅश उघडण्याचा मोह तर कोणीही धरू नये, कारण बंद अवस्थेतही त्यात जिवावर बेतेल इतकी वीज साठलेली असू शकते. स्टँडच्या पायांवर वाळूच्या पिशव्या टाकाव्यात, तारा जमिनीला चिकटपट्टीने बसवाव्यात, आणि तापणाऱ्या हॅलोजन दिव्याजवळ कापड किंवा बटर पेपर आणू नये.

एक बैठक घरच्या समईसाठी राखून ठेवावी. घासूनपुसून लख्ख केलेल्या पितळेचे चित्र घेणे हे प्रकाशयोजनेतील कठीण प्रकरण आहे, कारण पितळ स्वतः दिसत नाही, त्याला जे दिसते ते आपल्याला दिसते: दिवा, खिडकी, छायाचित्रकाराचा सदरा. सबब उजेड समईवर न टाकता तिच्या भोवतालावर टाकावा. बटर पेपरचा उभा पडदा करून समईला तिन्ही बाजूंनी वेढावे, वरूनही झाकावे, दिवे बाहेर ठेवावेत, आणि समोर भिंग जाण्याएवढी फट ठेवावी. प्रथम सारी समई दुधाळ, निर्जीव दिसेल. मग काळ्या कार्डाच्या दोन बोटे रुंद पट्ट्या कडेने उभ्या कराव्यात. त्या पितळेत काळ्या रेघा होऊन उमटतात आणि दांड्याची गोलाई, कंगोरे आणि वरची कळस-नक्षी यांना आकार येतो. पट्टी अर्धा इंच सरकली तरी रेघ सरकते, म्हणून एकाने कॅमेऱ्यातून पाहत दुसऱ्याला सांगावे. समई हाताळताना सुती कापड वापरावे, बोटांचे ठसे चित्रात मोठे दिसतात. वात पेटवून चित्र घ्यावयाचे असेल तर शटर सेकंदाच्या आठव्या भागाच्या आसपास ठेवून ज्योत टिपावी, फ्लॅश शक्य तितका क्षीण करावा, आणि त्यावर नारिंगी जिलेटिनचा कागद लावावा. ज्योतीचा उजेड सुमारे १९०० केल्विनचा आणि फ्लॅशचा सुमारे ५५०० केल्विनचा, त्यामुळे कागदावाचून समईच्या वरच्या भागाचा आणि खालच्या भागाचा रंग जुळत नाही. कागद मात्र पेटत्या वातीपासून दूर राहील असा बंदोबस्त असावा.

कारभाराविषयी थोडे. सामायिक जिन्नसांची वही ठेवावी, दिवा कोणी नेला, कोणत्या मुदतीत परत केला, याची सहीनिशी नोंद असावी. मंडळे मोडतात ती कलेतील मतभेदांवरून क्वचित, फ्लॅशच्या हरवलेल्या ट्रिगरवरून अनेकदा. बाहेरच्या कोणा व्यक्तीला बसवावयाचे असेल तर चित्रांचा वापर कोठे होईल हे आधी सांगून लेखी संमती घ्यावी, मुलांच्या बाबतीत पालक समक्ष असावेत, आणि स्त्रीने बसण्याचे मान्य केले असेल तर तिच्यासोबत तिच्या पसंतीचे माणूस असावे, ही ताकीद सर्वांना समान असावी. बसणाऱ्याला मध्येच थांबावेसे वाटले तर कारण विचारू नये.

दर दोन महिन्यांनी एक बैठक छापील चित्रांची असावी, पडद्यावरची नव्हे. पडदा स्वतःच उजेड देतो, त्यामुळे सावलीतील दोष झाकले जातात. चित्रे भिंतीवर लावावीत, घेणाऱ्याचे नाव लिहू नये, आणि ‘छान’ किंवा ‘वाईट’ असा शब्द उच्चारण्यापूर्वी प्रत्येकाने नाकाच्या सावलीवरून आणि डोळ्यांतील प्रतिबिंबावरून दिवा कोठे, किती उंच आणि किती मोठा होता हे सांगावे. त्यानंतरच तुकडीची वही उघडून आकृतीशी ताळा पाहावा. ज्याचा अंदाज चुकेल त्याने त्याच जागी दिवा धरून खातरजमा करून घ्यावी. बैठक आटोपल्यावर चित्राची एक प्रत बसणाऱ्याच्या घरी पोहोचती करावी, आणि तशी नोंद कार्यवाहांनी वहीत घ्यावी.